ज्या भुताला लेखक असतो

ऑक्टोबर उजाडला की शाळाशाळांतून वाचन प्रेरणा दिनाची लगबग सुरू होते. १५ तारखेला डॉ. कलामांची जयंती, टेबलावर फोटो, फोटोला हार आणि पाहुण्यांचं भाषण. आमच्या सोनाळ्यात घ्या, टुनकीत घ्या नाहीतर वरवट बकालला, भाषणाचा मजकूर फारसा बदलत नाही. मुलांनी थोरांची चरित्रं वाचावीत, ‘श्यामची आई’ वाचावी, ‘अग्निपंख’ वाचावं. इथवर कोणाचीच तक्रार नाही. मग पाहुण्यांचा आवाज चढतो: ती भुताखेतांची पुस्तकं मात्र हातात धरायची नाहीत! त्यानं अंधश्रद्धा वाढते, मन कमकुवत होतं, रात्रीची झोप उडते. आणि त्या मालिका तर नकोच नको. एक संपलं की दुसरं, दुसरं संपलं की तिसरं. याला वाचन म्हणत नाहीत, याला व्यसन म्हणतात. टाळ्या.

हे बोलणारे पाहुणे कोण, याला महत्त्व नाही. हे मत त्यांच्या एकट्याचं नाही. ते शिक्षकांचं आहे, आईबापांचं आहे, वाचनालयांच्या कार्यकारिणीत बसणाऱ्या शहाण्यासुरत्या माणसांचं आहे, आणि त्यातले बरेचसे सद्‌भावनेनं बोलतात. म्हणूनच त्याला उत्तर दिलं पाहिजे. माझं म्हणणं सरळ उलट आहे. तेरा-चौदा वर्षांच्या पोरापोरींना भयकथांची एखादी मालिका गवसली तर त्यांनी ती पहिल्या पुस्तकापासून शेवटच्या पुस्तकापर्यंत वाचावी. एखादं चाळून सोडून देऊ नये, सगळी वाचावी. एक भयकथा वाचून भीती वाटते. दहा वाचल्या की भीती कशी तयार करतात ते दिसायला लागतं. आणि ज्याला ते दिसलं त्याला गावातला कोणताही भगत सहजासहजी फसवू शकत नाही.

आता अंधश्रद्धेचा आरोप. तो सगळ्यात मोठा, म्हणून आधी तोच.

पिंपळावर मुंजा असतो असं मानणारी माणसं आमच्याकडं पैशाला पासरी मिळतील. लग्न ठरेना, म्हैस आटली, पोरगी घुमायला लागली, की कोणाची तरी करणी निघते. यातल्या किती जणांनी भयकथाकार नारायण धारपांचं एक तरी पुस्तक वाचलेलं असतं? विचारून बघा. बहुतेकांनी शाळा सुटल्यावर कसलंच पुस्तक हातात धरलेलं नसतं. भुताची श्रद्धा पुस्तकाच्या दुकानातून गावात येत नाही. ती ओट्यावरून येते, विहिरीवरून येते, बाळंतिणीच्या खोलीतून येते, आणि येताना छापील कागद बरोबर आणत नाही.

आमच्याच जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमाराला यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, हिंदू-मुसलमान दोघंही येतात, परराज्यांतून गाड्या येतात. श्रद्धेनं येणाऱ्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्याच गर्दीत ‘बाहेरची बाधा’ म्हणून घरच्यांनी आणलेली माणसं असतात, ज्यांना खरं तर मनोविकारतज्ज्ञाकडं न्यायला हवं होतं. त्यांना तिथं कोणत्या कादंबरीनं पाठवलं? उत्तरेला सातपुड्याकडं वळा. मेळघाटात तान्ह्या लेकराचं पोट फुगलं की विळा तापवून पोटावर चटके देण्याची रीत आहे. डंबा म्हणतात तिला. होरपळलेल्या लेकरांच्या बातम्या अजूनही येत राहतात. तिथं डॉक्टर वेळेवर पोचत नाही, रस्ता पावसाळ्यात तुटतो, म्हणून विळा तापतो. भयकथा वाचून कोणी विळा तापवलेला नाही.

आणि कायदा काय म्हणतो तेही एकदा पाहू, कारण भाषणात डॉ. दाभोलकरांचं नाव हटकून घेतलं जातं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीत १२ कृत्यं आहेत. पहिलंच बघा: भूत उतरवण्याच्या बहाण्यानं माणसाला दोरानं, साखळीनं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं. पुढं नरबळी आहे, गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार आहेत, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं आहे. भुताची गोष्ट लिहिणं किंवा वाचणं या यादीत नाही. ज्यांनी या कायद्यासाठी उभं आयुष्य घातलं त्यांना शत्रू कोण हे नीट ठाऊक होतं. ते आपण विसरलो आणि वाचनालयाच्या कपाटाला कुलूप घातलं.

भीती खरी कशी पसरते, ते आमच्या भागानं नुकतंच पाहिलं. २०२४ सरता सरता आणि २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस गळायला लागले. डोक्यावरून हात फिरवला की पुंजका हातात, आणि चार-दोन दिवसांत टक्कल. पुरुषांचं झालं, बायांचं झालं, लेकरांचं झालं. धारपांनी लिहिलं असतं तर फार झालं म्हणून आपण पुस्तक मिटलं असतं. पण खरी गंमत (तिला गंमत म्हणवत नाही) पुढं होती. काही दिवसांत ‘टक्कल व्हायरस’ हे नाव गावोगाव झालं. कोणी म्हणे पाणी, कोणी म्हणे शाम्पू, कोणी म्हणे बुरशी, कोणी म्हणे काही तरी कोपलं. त्या गावच्या माणसाजवळ बसायला लोक कचरू लागले, सोयरिकी अडल्याची बोलणी कानावर आली. मग भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक आलं, रक्ताचे, पाण्याचे, धान्याचे नमुने गेले, आणि विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या सेलेनियमकडं बोट दाखवलं. नमुना घ्या, तपासा, मग बोला, ही त्यांची रीत. पण नमुने प्रयोगशाळेत पोचायच्या आत अफवा तीन तालुके फिरून आली होती.

अफवेला लेखक नसतो. तिला मुखपृष्ठ नसतं, पानांचे आकडे नसतात, आणि मुख्य म्हणजे शेवटचं पान नसतं. कोणी सांगितलं विचारलं तर उत्तर येतं, ‘सगळे सांगून राहिले.’ पुस्तकातल्या भुताचं तसं नाही. त्याला लेखक आहे, प्रकाशक आहे, प्रकाशकाचा पत्ता आहे, पाठीवर किंमत छापलेली आहे. ज्या भुताला लेखक असतो त्याला विचारता येतं: तुला या पानावर कोणी आणलं, आणि कशासाठी? हा प्रश्न विचारायची सवय एका पुस्तकानं लागत नाही. मालिकेनं लागते.

माझी भाची नववीत आहे. आमच्या वाचनालयातली धारपांची अख्खी फळी तिनं संपवत आणली आहे. त्या फळीचं रूप एकदा बघण्यासारखं आहे. मूळ मुखपृष्ठं कधीच गेली. जाड पुठ्ठा, त्यावर जुन्या कॅलेंडरचा कागद डकवलेला, कण्यावर कापडी पट्टी, पट्टीवर शाईनं घातलेला दाखल क्रमांक. शेवटच्या पानाला चिकटवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवर जागा उरली नाही म्हणून तिच्यावर दुसरी चिठ्ठी, दुसरीवर तिसरी. मागचा पुठ्ठा त्या थरानं फुगलेला. आतल्या पानांवर चहाचे डाग, एका ठिकाणी पेन्सिलीनं कोणी तरी बजावलेलं की पुढचं पान रात्री वाचू नये. खालच्या फळीवर चरित्रांची रांग आहे, ती करकरीत. त्यातल्या काहींची पानं कडेनं जोडलेली आहेत ती अजून कोणी फाडलीही नाहीत. ही रांग ज्यांना पोरांनी वाचावी असं वाटतं त्यांनी वरची फळी काढून घेतली म्हणजे खालची वाचली जाईल असं समजू नये. पोरं दोन्ही सोडतील आणि मोबाइल घेतील.

तर या पोरीला मी विचारलं, भीती नाही का वाटत?

“वाट्टे ना मामा. पन आता मले समजते का कुठं वाटनार हाय ते. पाऊस सुरू झाला, घरात एकटीच बाई हाय, आन् बाहेरचं कुत्रं भुकाचं थांबलं, का समजून जायचं. आन् जो मानूस पयल्याच पानावर म्हन्ते ना का मी भूतबित मानत नाही, त्याचं काही खरं नसते.”

कुत्रं भुंकायला लागलं की भीती वाटते हे कोणालाही कळतं. कुत्रं भुंकायचं थांबलं की जास्त वाटते, हे लेखकाचं मर्म आहे, आणि ते नववीतल्या मुलीनं कोणत्याही कार्यशाळेविना पकडलं आहे. पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची. गल्लीतल्या एका सासुरवाशिणीला ‘लागलं’ आहे असं भाचीच्या आजीनं घरात येऊन सांगितलं, तेव्हा ही ताटावरून न उठता म्हणाली, “कोनं पाह्यलं? आन् तिचं आन् सासूचं पटते का?” आजी चिडली. पण माझ्या मते अंधश्रद्धा निर्मूलनाचं याहून चांगलं शिबिर त्या घरात कधी झालं नव्हतं.

इथं एक जाणकार आक्षेप येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. धारपांच्या कथांत ‘समर्थ’ येतात, अप्पा जोशी येतात, जयदेव येतात. समर्थ आपल्या साधनेच्या, मंत्राच्या बळावर अमंगळाला हरवतात. मग हे बुवाबाजीला खतपाणी नाही का? भूत खोटं असं म्हणायच्या ऐवजी भुतावर चांगला मांत्रिक शोधा असंच हे सांगत नाही का?

एकच पुस्तक वाचलं तर तसं वाटू शकतं. म्हणून तर एकावर थांबू नये. सलग वाचणाऱ्याच्या हळूहळू लक्षात येतं की समर्थांची शक्ती कथेच्या गरजेप्रमाणं कमी-जास्त होते. कादंबरी मोठी करायची असेल तर समर्थ उशिरा पोचतात. कथा छोटी असेल तर दारातच असतात. त्यांना वेळेवर पोचू न देणारा संकटांचा जो डाव असतो, तो सैतानाचा नसून लेखकाचा आहे हे एकदा उमगलं की समर्थांवरची भक्ती संपते आणि धारपांबद्दलचं कुतूहल सुरू होतं. हा माणूस रसायन तंत्रज्ञान शिकलेला, विज्ञानकथाही लिहिणारा. म्हणूनच त्याच्या भुतांना कधी कधी मितींची आणि ऊर्जेची भाषा येते, हेही मग दिसतं. आता याच्या शेजारी खराखुरा बाबा उभा करा. तो तुम्हाला त्याच्या दहा केसेस ओळीनं कधी दाखवत नाही. जिथं गुण आला ती एकच दाखवतो, आणि ज्या नऊ फसल्या त्यांच्या घरांचे पत्ते सांगत नाही. बाबाचा सगळा धंदा या एकाच हिशेबावर चालतो. मालिका वाचणाऱ्याला दहाच्या दहा पाहायची खोड लागलेली असते, आणि ही खोड बाबाला परवडत नाही.

‘एकाच साच्यातली पुस्तकं’ हा आक्षेप मला नेहमी मजेदार वाटतो, कारण तो करणारी पिढी ‘चांदोबा’वर वाढली आहे. मराठी ‘चांदोबा’ १९५२ साली सुरू झाला. त्यात दर महिन्याला विक्रम राजा त्याच झाडापाशी जाई, तेच प्रेत खांद्यावर टाकी, त्यातला वेताळ तसाच बोलायला लागे आणि उत्तर मिळताच प्रेतासकट पुन्हा झाडावर. शंकर नावाच्या चित्रकाराचं ते चित्र अजून डोळ्यापुढं आहे अशी माणसं हजारांनी सापडतील: एका हातात उपसलेली तलवार, पाठीवर लोंबतं मढं, भोवती स्मशान. हे मासिक सोवळ्याओवळ्याच्या घरांतही येत होतं आणि आजी ते नातवाला वाचून दाखवत होती. वेताळ पंचविशी ही मालिकाच आहे, भयकथांची आहे, आणि साचा तर इतका पक्का की पहिली ओळ न वाचताही सांगता यावी. त्या साच्याच्या आत दर वेळी एक न्यायाचा पेच असे, आणि साचा ठरलेला होता म्हणूनच पेचाकडं लक्ष जाई. तो साचा चालला. धारपांचा चालत नाही. का? कारण तो आपल्या बालपणात होता आणि हा पोरांच्या बालपणात आहे. दुसरं कारण मला सापडलेलं नाही.

शिवाय पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणं म्हणजे काय हे आमच्या भागाला कोणी शिकवायची गरज नाही. शेगाव इथून हाकेच्या अंतरावर. दासगणूंच्या ‘गजानन विजय’चे २१ अध्याय एकाच बैठकीत वाचणारी माणसं इथं घरोघर आहेत. मध्येच उठायचं नाही, अध्याय गाळायचा नाही. तिथं चिकाटीला पुण्य म्हणतात आणि तीच चिकाटी चौदा वर्षांच्या पोरानं दाखवली की व्यसन म्हणतात. पोथी आणि कादंबरी एकच असं मी म्हणत नाही. पण सलग बसून शेकडो पानं वाचण्याची ताकद ही ताकद आहे. ती आज कोणत्या वर्गात किती मुलांकडं आहे, हे त्या वर्गाच्या बाईंना खासगीत विचारा.

ही कुरकूर आपल्यापुरती आहे असंही नाही. अमेरिकेत आर. एल. स्टाइन यांनी १९९२ ते १९९७ या काळात ‘गूजबम्प्स’ची ६२ पुस्तकं काढली आणि पोरांनी ती ओळीनं फस्त केली. त्या दशकात ज्या पुस्तकांवर ग्रंथालयांतून बंदी मागितली गेली त्यांच्या अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या यादीत ‘गूजबम्प्स’ आहेच. आणि पहिल्या क्रमांकावर आहेत ॲल्विन श्वार्ट्झ यांची अंधारात सांगायच्या गोष्टींची पुस्तकं, जी मुळात लोककथांवरून बेतलेली. म्हणजे आपण ज्या गोष्टी आजीकडून फुकट ऐकल्या त्या छापल्या की गुन्हा.

वाङ्मयीन दर्जाचं काय, असं कोणी विचारलं तर मी हात वर करतो, पण एका अटीवर. धारपांचं सगळंच उत्तम असं म्हणणाऱ्यानं धारप पूर्ण वाचलेले नसतात. ‘लुचाई’वर स्टीफन किंगच्या १९७५ च्या ‘सालेम्स लॉट’ची दाट सावली आहे, ‘शपथ’वर ‘इट’ची. काही कथा घाईनं उरकलेल्या आहेत, काहींत संवाद लाकडी आहेत. हे सगळं खरं, आणि हे सगळं सलग वाचल्याशिवाय कळत नाही. ‘याच लेखकाचं आधीचं पुस्तक याहून बरं होतं’ हे वाक्य जेव्हा मुलाच्या तोंडून पहिल्यांदा निघतं, तेव्हा समीक्षा सुरू झालेली असते. वर्षभर वेगवेगळ्या लेखकांचे उतारे पाठ्यपुस्तकातून वाचून हे वाक्य कधी निघत नाही, कारण उताऱ्याला आधीचं-नंतरचं काही नसतंच.

याच्या जोडीला ‘तुंबाड’ची हकिकत सांगितली पाहिजे, कारण २०१८ च्या त्या सिनेमाला, आणि २०२४ ला तो पुन्हा लागला तेव्हा तर जास्तच, आपल्याकडच्या भल्याभल्यांनी नावाजलं. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेलं; पण त्याचं बीज धारपांच्या ‘आजी’ या कथेत आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी ती गोष्ट ऐकली १९९३ साली, एका मित्राच्या तोंडून, आपल्या विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात. पहिला खर्डा लिहिला १९९७ ला, वय १८. म्हणजे गोष्ट कानावर पडली तेव्हा तो मुलगा चौदाच्या आसपास होता. नेमक्या त्याच वयाला आपले पाहुणे ‘हे वाचू नका’ म्हणतात. रत्नाकर मतकरींचं उदाहरण तर आणखी अडचणीचं आहे. मराठी बालनाट्याला ज्यांनी १९६२ पासून घर दिलं, ‘अलबत्या गलबत्या’ आणि ‘निम्मा शिम्मा राक्षस’ ज्यांनी दिलं, तेच मराठी गूढकथेचेही मोठे लेखक. एकाच माणसाच्या हातून दोन्ही झालं, कारण मुलं चेटकीण बघायला नाटकाला येतात हे त्यांना कळलं होतं. दिलीप प्रभावळकरांची चेटकीण बघून किती पोरं रडली असतील आणि बाहेर पडताना ‘पुन्हा जाऊ’ म्हणाली असतील!

आता झोप. हो, एखादी रात्र उडते. पण सोनाळ्यातल्या पोराला ‘रात्रीची भीती घालू नका’ असं सांगणारा माणूस बहुधा संध्याकाळच्या गाडीनं परत जाणारा असतो. गावाच्या डोक्यावर सातपुडा आहे. अंबाबरवा अभयारण्य, १२७ चौरस किलोमीटर, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग. वाघ आहे, बिबट आहे, आणि वाघापेक्षा ज्याला शेतकरी जास्त टरकतो ते अस्वल आहे. शेतीची वीज रात्रपाळीला आली की बापाला मध्यरात्री मोटर चालू करायला ओलिताच्या रानात जावं लागतं. हरभऱ्याला डुकरं लागली की जागलीला मचाणावर. पोरगं घरात पडल्या पडल्या गेटच्या कडीच्या आवाजाची वाट पाहतं. त्याला पीककर्जाची भीती ठाऊक आहे, कोणत्या घरातल्या माणसानं विष घेतलं ते ठाऊक आहे. ‘श्यामची आई’त शेवटी आई मरते, त्या मरणानं हललेलं मूल कितीही भुतांपुढं हलणार नाही, तरी ते पुस्तक आपण हौसेनं हातात देतो आणि योग्यच करतो. मग कागदावरच्या हडळीचंच एवढं वावडं का? उलट, रानातल्या भीतीला मिटून ठेवता येत नाही, पुस्तकातली येते. पान दुमडलं, उशाखाली सरकवलं, सकाळी पुन्हा काढलं. भीतीवर इतका ताबा त्या पोराला दुसरीकडं कुठंच मिळत नाही.

मोबाइलवर जे चाललंय ते यापेक्षा वाईट आहे, कारण तिथं सगळं ‘खरं’ म्हणून येतं. ‘सीसीटीव्हीत कैद झालेली आत्मा’, ‘या घाटात रात्री थांबू नका’. कादंबरी पहिल्याच पानावर कबूल करते की मी कादंबरी आहे. रील कबूल करत नाही.

वयाचं तारतम्य हवं, ते मान्य. तिसरी-चौथीच्या लेकराला ‘लुचाई’ देणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही. धारप मुळात किशोरांसाठी लिहीत नव्हते, हेही खरं. पण मग त्या वयासाठी मराठीत लिहिलेली, सलग दहा-बारा पुस्तकांची भयमालिका कुठं आहे? भा. रा. भागवतांनी धाडसाच्या बाजूला फास्टर फेणे दिला, त्यावर पिढ्या निघाल्या. अंधाराच्या बाजूला त्या वयासाठी तसं कोणी घर बांधलं नाही. हृषीकेश गुप्त्यांसारखे लेखक आज चांगली भयकथा लिहितात, पण तीही मोठ्यांची. मधलं वय तसंच उघडं राहिलं आणि पोरं त्यावरून उडी मारून थेट धारपांवर पडली. ज्यांना ही उडी धोक्याची वाटते त्यांनी मध्ये पूल बांधावा. उडी मारणाऱ्याला ओरडून काय होणार?

तोवर वाचनालयांनी एवढं करावं. मालिका घ्यायची तर पूर्ण घ्यावी. तिसरा भाग आहे, पाचवा आहे, पहिला नाहीच, असले तुटके संच ग्रंथखरेदीच्या यादीत आकडा भरायला चालतात, वाचायला नाही. धारपांची फळी कुलपाच्या कपाटातून बाहेर काढावी. आणि शेवटची पानं गेलेल्या प्रती बाद कराव्यात. आमच्याकडच्या एका कादंबरीचा शेवट फाटून गेलेला आहे, तरी ती देवघेवीत फिरते आहे. पोरं ती वाचतात आणि पुढं काय झालं असेल ते एकमेकांना आपापल्या मनानं सांगतात. एकानं तर त्यातलं घर टुनकीच्या रस्त्यावर असल्याचं दुसऱ्याला पटवून दिलं आहे. अशी प्रत देवघेवीत ठेवणं म्हणजे आपल्या हातानं अफवा वाटणं. साकेत प्रकाशनानं धारपांची पुस्तकं पुन्हा छापली आहेत. मागवली तर मिळतात.